लोखंडी युद्धनाणी : गंज काढावा की राहू द्यावा?

सायली_वाचते
नमस्कार मंडळी. माझा काका मालवाहू बोटीवर होता, जवळजवळ तीस वर्षं. तो गेल्यावर त्याची पेटी उघडायचं धाडस कुणालाच होत नव्हतं, शेवटी मागच्या महिन्यात मीच बसले आवरायला. तळाशी एक पत्र्याचा डबा निघाला, उचलला तर चांगलाच जड, आणि आत सगळी नाणी. चांदीबिंदी काही नाही, काळपट लोखंडी नाणी, बोट लावलं की नारिंगी पूड लागते. ६४ मोजली, त्यातली दोन एकमेकांना घट्ट चिकटून बसलीत.

वाचता आली तेवढी सांगते. जर्मनीची ५ आणि १० फेनिग बरीच आहेत, १९१६ पासून १९२१ पर्यंतची. ऑस्ट्रियाचं २० हेलर १९१७. नॉर्वेची १९४२ ची दोन-तीन. फिनलंडचा एक मार्क्का. एक अमेरिकन सेंट १९४३ चा, तो मात्र राखाडी-पांढरा आहे, फक्त कडेला गंज. आणि स्वीडनचं एक मोठं ५ ओरे, मुकुट ओळखू येतो पण सालातले शेवटचे दोन आकडे गंजाखाली गेलेत.

मला विकायची नाहीत. काकाने एवढी वर्षं जपली म्हणजे त्याला त्यात काहीतरी वाटत असणार, ती आणखी पन्नास वर्षं टिकावीत एवढीच इच्छा आहे. आमच्याकडे एकजण म्हणाला रात्रभर व्हिनेगरमध्ये टाक, सकाळी चकाचक. दुसरा म्हणाला हात पण लावू नकोस, किंमत जाते. काय करू? आणि मुळात लोखंडाची नाणी काढायची वेळ यांच्यावर का आली हे कुणी सांगितलं तर फार आवडेल.

नाणेवेडा
सायलीताई, आधी व्हिनेगरची बाटली लांब ठेवा. बाकीचं नंतर बोलू.

चिमटा
+१. आणि डबा उघडाच ठेवला असेल तर तो आधी कोरड्या जागी हलवा. मोरीजवळचं कपाट, भिंतीला ओल असलेली खोली, हे नको.

भटका_इतिहासात
का काढली ते मी सांगतो, माझा आवडीचा विषय आहे त्यामुळे जरा लांबेल.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मनीची ५ आणि १० फेनिगची नाणी तांबे-निकेलची होती. निकेल लागतं चिलखती पोलादाला, तांबं लागतं काडतुसांच्या पितळेला आणि तोफगोळ्याभोवतीच्या पट्टीला. ब्रिटिश नौदलाने समुद्र अडवून धरलेला, बाहेरून धातू येईना. मग लोकांच्या खिशातलं निकेल परत घ्यायचं आणि त्याच्या जागी लोखंड द्यायचं असं ठरलं. ५ फेनिग लोखंडात आलं १९१५ पासून, १० फेनिग १९१६ पासून. युद्ध संपलं तरी देशाची अवस्था अशी होती की १९२२ पर्यंत लोखंडी नाणी पडतच राहिली, म्हणून तुमच्याकडे १९२१ चंही आहे. ऑस्ट्रिया-हंगेरीनेही १९१६ पासून २ आणि २० हेलर लोखंडात काढले.

आता मला सगळ्यात जास्त भिडणारी गोष्ट. स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्क पहिल्या महायुद्धात तटस्थ होते. लढले नाहीत. तरी स्वीडन आणि नॉर्वेने १९१७ पासून आणि डेन्मार्कने १९१८ पासून १, २, ५ ओरे लोखंडात पाडले, कारण तांबं त्यांनाही मिळेना. युद्धात नसलेल्या देशातल्या पोराच्या खिशातही युद्ध जाऊन बसलं होतं. पुस्तकात वाचणं वेगळं आणि असं नाणं हातात घेऊन त्याचा तो खरबरीतपणा बोटाला लागणं वेगळं.

अबोली२२
केवढं छान लिहिलंयत! मला वाटायचं नाणी म्हणजे राजे-महाराजे.

केमिस्ट_काकू
आता गंजाबद्दल. लोखंडाला गंजायला दोनच गोष्टी लागतात, हवेतला ऑक्सिजन आणि पाणी. पाणी म्हणजे थेंब दिसायलाच पाहिजे असं नाही, हवेतली आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की पृष्ठभागावर न दिसणारा ओलसर थर बसतो तेवढा पुरतो. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे तो आतून फुगतो, वरचा पापुद्रा उचलतो आणि त्या पापुद्र्याबरोबर आकडे, मुकुट, अक्षरं सगळं निघून जातं. तांब्याच्या नाण्यावर जो तपकिरी थर बसतो तो नाण्याला राखतो. लोखंडाचा नारिंगी गंज राखत नाही, तो सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि खाली काम चालूच.

सायली, दोन गोष्टी बघून सांग. एक, गंज कुठल्या रंगाचा आहे. काळा किंवा गडद तपकिरी, गुळगुळीत, बोटाला न लागणारा असेल तर तो बहुतेक शांत बसलेला आहे, त्याला छेडायचं कारण नाही. उजळ नारिंगी, पुडीसारखा असेल तर तो जागा आहे. दुसरं, भिंगाखाली कुठे बारीक थेंबासारखे तपकिरी फुगे दिसतात का ते बघ. आणि हा डबा इतकी वर्षं नेमका कुठे होता?

दगडफूल
माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. गंज हा त्या नाण्याचा इतिहास आहे. शंभर वर्षांपूर्वी एका देशाकडे चांगला धातू उरला नाही म्हणून त्याने गंजणारं नाणं काढलं, ते गंजलं. हीच तर त्याची गोष्ट. ती पुसून नवं कोरं करायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्या इस्त्रीने घालवण्यासारखं आहे. माझ्याकडे ओबर ओस्टचं तीन कोपेकचं एक नाणं आहे, १९१६ चं, जर्मन सैन्याने पूर्वेकडच्या व्यापलेल्या प्रदेशासाठी पाडलेलं. एका बाजूला रशियन अक्षरं, दुसरीकडे आयर्न क्रॉस, जर्मनांचं लष्करी पदक. लोखंडाच्या नाण्यावर लोखंडी क्रॉस! ते नाणं सगळं तपकिरी झालंय आणि मी त्याला एकदाही पुसलेलं नाही.

नाणेवेडा
दगडफूलभाऊ, भावना पटली, पण चांदी-तांब्याचा नियम आपण सगळे डोळे मिटून लोखंडाला लावतो. 'हात लावू नका' हा सल्ला तांब्याच्या नाण्यासाठी सोन्यासारखा आहे. लोखंडाच्या बाबतीत काही न करणं म्हणजे गंजाला मोकळं रान देणं. तुमचा कोपेक टिकलाय कारण तो कोरड्या जागी आहे. म्हणजे तुम्ही नकळत का होईना, काळजी घेताच आहात.

दगडफूल
नकळत नाही हो, डबीत सिलिका जेल आहे :)
गंज थांबवण्याला माझा विरोध नाहीच. घासून चमकवण्याला आहे.

केमिस्ट_काकू
मग आपलं भांडण नाहीच. थांबवणं वेगळं, काढणं वेगळं.

रानवारा
व्हिनेगरबद्दल माझा अनुभव लिहितो म्हणजे कुणाचं तरी नाणं वाचेल. मी शाळेत असताना १९४३ चा अमेरिकन स्टील सेंट मला भेट मिळाला होता. तो लोखंडाचा दिसत असला तरी वर जस्ताचा पातळ मुलामा असतो. मला वाटलं डाग पडलेत, स्वच्छ करू. वाटीत व्हिनेगर घेतलं, नाणं टाकलं. बारीक बुडबुडे यायला लागले, मी बघत बसलो, मजा वाटली. अर्ध्या तासाने काढलं तर लिंकनचा गाल काळा-करडा, मुलामा साफ. ते बुडबुडे म्हणजे जस्त विरघळत होतं हे मला पुढे कॉलेजात कळलं. पुसून ठेवलं, दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्ण नाण्यावर नारिंगी झाक. ज्याने ते दिलं होतं तो मित्र आता नाही. नाणं अजून आहे माझ्याकडे, पण ते बघितलं की वाईट वाटतं.

अबोली२२
:(

टाकसाळकर
रानवारा, तुमच्यासारखे खूपजण आहेत. हा सेंट मला फार जवळचा म्हणून जरा सविस्तर.

१९४३ मध्ये तांबं दारूगोळ्याला लागत होतं म्हणून अमेरिकेने वर्षभर सेंट पोलादाचा केला. फिलाडेल्फिया, डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्को मिळून एक अब्जाच्या वर नाणी पडली. वजन २.७ ग्रॅम, तांब्याचा ३.११ चा. लोकांचा वैताग असा की नवा असताना तो चांदीच्या डाइमसारखा, म्हणजे दहा सेंटच्या नाण्यासारखा, दिसायचा आणि सुट्ट्या पैशात गफलत व्हायची. विक्रीयंत्रं त्याला खोटा समजून नाकारायची. पुढच्या वर्षी परत तांब्यावर आले.

आता सायलीताईंच्या सेंटला कडेलाच गंज का, त्याचं उत्तर. पोलादाच्या पत्र्याला आधी जस्ताचा मुलामा दिला आणि मग त्यातून गोल चकत्या कापल्या. म्हणजे दोन्ही तोंडांवर जस्त, पण कापलेली कड उघडी. गंज तिथूनच सुरू होतो. तुमचा सेंट जर दोन्ही बाजूंनी अजून राखाडी असेल तर त्याला पाणी, आम्ल, सोडा काहीही लावू नका. कोरडा करा, पाकिटात घाला, संपलं.

आणि फार चकचकीत, आरशासारखा १९४३ चा सेंट कुणी दाखवला तर सावध राहा, बरेचसे नंतर पुन्हा मुलामा चढवलेले असतात.

चिमटा
त्याच सालचा तांब्याचा सेंट पण असतो ना? चुकून पडलेला?

टाकसाळकर
असतो, अगदी मोजके, आधीच्या वर्षाच्या चकत्या यंत्रात राहिल्या म्हणून. त्यामुळे पोलादी सेंटला तांब्याचा रंग चढवून फसवणारे खूप. साधी परीक्षा म्हणजे लोहचुंबक. चिकटला तर पोलादच. न चिकटला तरी लगेच उड्या मारू नका, १९४८ मधला ८ तासून त्याचा ३ केलेले फिरत असतात. भिंगातून ३ ची शेपटी बघायची.

उलटही झालंय, १९४४ मध्ये थोड्या पोलादी चकत्यांवर सेंट पडले. आणि उरलेल्या चकत्यांचं काय केलं माहितीये? त्याच फिलाडेल्फियात बेल्जियमसाठी २ फ्रँकची नाणी पाडली, १९४४ साल घालून, अडीच कोटी. मुक्त झालेल्या बेल्जियमच्या लोकांच्या हातात अमेरिकन सेंटच्या चकत्या. मला हे नाणं हातात घेतलं की दरवेळी गंमत वाटते.

गोगलगाय
चुंबकाने नाण्याचं काही बिघडतं का हो? मी कालपासून घरभर चुंबक घेऊन फिरतोय, आतापर्यंत चार चमचे आणि एक बिजागरी सापडली.

टाकसाळकर
हाहा. बिजागरी कुठल्या सालची?
बिघडत काही नाही. फक्त चुंबक आधी पुसून घ्या, त्याला लोखंडाचा कीस चिकटलेला असतो आणि तो ओरखडे काढतो. आणि नाणं चुंबकावर ठेवून देऊ नका.

मधुरा_न
थोडं अवांतर. लोखंडाचा पैसा ही काही विसाव्या शतकाची कल्पना नाही. चीनमध्ये सुंग राजघराण्याच्या काळात सिचुआन भागात लोखंडाची नाणी चालायची, ती इतकी जड आणि इतकी कमी किमतीची की बाजाराला जायचं तर ओझं वाहायला लागायचं. त्यावर उपाय म्हणून व्यापाऱ्यांनी नाणी जमा करून चिठ्ठ्या द्यायला सुरुवात केली आणि तिथूनच जगातला कागदी पैसा जन्माला आला. म्हणजे नोटेची आई लोखंड आहे असं म्हणायला हरकत नाही.

भटका_इतिहासात
मधुराताई, सुंदर! त्याला जोडून एक. जर्मनीत युद्धकाळात लोकांनी सोन्याचे दागिने सरकारला द्यायचे आणि बदल्यात लोखंडाची अंगठी किंवा पदक घ्यायचं अशी मोहीम होती. 'सोनं दिलं लोखंडासाठी' हे घोषवाक्य, ते १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या लढ्यात प्रशियात निघालं आणि पहिल्या महायुद्धात पुन्हा वापरलं. लग्नातली अंगठी देऊन लोखंडाची घालणारी बाई आणि बाजारात लोखंडाचं फेनिग मोजणारी बाई एकच असणार.

गोगलगाय
हे वाचून घशात आलं.

सायली_वाचते
किती भरभरून लिहिताय सगळे, खरंच आभार. केमिस्ट काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नारिंगी पूड बहुतेक सगळ्यांवर आहे, पण साधारण पंधरा नाण्यांवर भिंगातून तुम्ही म्हणता तसे बारीक चमकणारे तपकिरी फुगे दिसतात, टाचणीच्या टोकाएवढे. आणि डबा कुठे होता ते आईला विचारलं. तो कायम काकाच्या बोटीवरच्या खणात असायचा, निवृत्त झाला तेव्हाच घरी आला. म्हणजे वीसेक वर्षं समुद्रावर.

केमिस्ट_काकू
मला तीच भीती होती. तो मिठाचा प्रताप. खाऱ्या हवेतले क्लोराइड गंजाच्या आत जाऊन बसतात आणि हवेतलं पाणी ओढून घेतात, म्हणून ते थेंब. याला लोखंडाचं रडणं म्हणतात. एरवी ४० टक्क्यांखाली आर्द्रता ठेवली की नाणं निवांत राहतं, पण मीठ मुरलेलं लोखंड २० टक्क्यांच्या आसपाससुद्धा हळूहळू गंजत राहतं. त्यामुळे ही पंधरा नाणी वेगळी काढ. एकाच डबीत बाकीच्यांबरोबर नको.

संग्रहालयात अशा वस्तू अल्कलीच्या द्रावणात महिनोन्महिने ठेवून क्लोराइड बाहेर काढतात. घरी तेवढं नको, पण सौम्य रूप करता येतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये थोडा धुण्याचा सोडा, खायचा नव्हे, त्यात नाणी बुडवून ठेवायची आणि दर दोन-तीन दिवसांनी द्रावण बदलायचं. सोड्यामुळे पाण्यात असूनही लोखंड गंजत नाही आणि मीठ हळूहळू बाहेर येतं. नळाचं पाणी अजिबात नको, त्यातच क्लोरीन असतं. आणि जस्ताचा मुलामा असलेलं एकही नाणं यात टाकायचं नाही, अल्कली जस्ताला खाते.

मीठ निघालं का हे कसं कळणार, तर माझ्याकडे पाठवता आलं असतं तर मी सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकून सांगितलं असतं, मीठ असेल तर पाणी पांढरं होतं. कुणाकडे सोय असेल तर एक लक्षात ठेवा, आधी नायट्रिक आम्ल घालून पाण्यातल्या सोड्याचा परिणाम घालवा, नाहीतर सोड्यानेच पाणी पांढरं होतं आणि आपल्याला वाटतं मीठ आहे.

विजेरी
एवढं कशाला, इलेक्ट्रोलिसिस करा की. बारा व्होल्टचा चार्जर, सोड्याचं पाणी, एका टोकाला नाणं दुसऱ्याला लोखंडी पट्टी. मी जुनी अवजारं अशीच साफ करतो, दोन तासात गंज गळून पडतो.

केमिस्ट_काकू
अवजार जाड असतं. हे नाणं दीड-दोन मिलिमीटरचं आणि त्यावरचे आकडे कित्येकदा गंजाच्या थरातच शिल्लक असतात, खालच्या लोखंडात नसतात. गंज गळाला की सालही गळालं. आणि करणारच असलात तर दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हे सगळ्यांसाठी लिहितेय.

विजेरी
आकडे गंजात असतात हे माहीत नव्हतं. माघार घेतो.

नाणेवेडा
बाकीच्या नाण्यांसाठी माझी पद्धत. वीसेक वर्षं हेच करतोय.

आधी शिवणयंत्राचं पातळ तेल. छोट्या बरणीत नाणं तेलात बुडवून झाकण लावायचं आणि विसरून जायचं, दोन आठवडे, कधी दोन महिने. तेल गंज विरघळवत नाही, पण त्याच्या खाली शिरून पकड ढिली करतं. चिकटलेली जोडी पण याच वाटेने सुटेल, सुरी घालून उचकटू नका. मग भिंगाखाली धरून गुलाबाचा काटा किंवा टोकदार केलेली बांबूची काडी, यांनी फक्त सैल झालेले खवले उचलायचे. काटा लोखंडापेक्षा मऊ म्हणून ओरखडा पडत नाही. जिथे जोर लावावा लागतो तिथे थांबायचं. ब्रश तारेचा नको, सँडपेपर नको, टूथपेस्ट तर नकोच.

त्यानंतर शुद्ध अ‍ॅसिटोनने तेल धुवायचं, खिडकी उघडी ठेवून आणि आसपास ज्योत नसताना. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात वास आणि तेल घातलेलं असतं. इथे एक बारीक गोष्ट कुणी सांगत नाही. अ‍ॅसिटोन उडताना नाणं गार पडतं, आणि दमट हवेत त्या गार नाण्यावर दव धरतं. मी एकदा भिंगातून बघितलंय ते, क्षणभर धुरकट पडदा आल्यासारखं. म्हणून लगेच हेअर ड्रायरने किंवा दिव्याखाली कोमट करायचं. कोमट असतानाच मायक्रोक्रिस्टलाइन मेण, रेनेसान्स वॅक्स नावाने मिळतं, कापसाच्या काडीवर घेऊन अगदी पातळ फिरवायचं आणि सुती कापडाने पुसायचं. पुढे कधी काढायचं झालं तर निघतं, म्हणून वार्निशपेक्षा हे बरं.

दगडफूल
यात घासणं नाही, चमकवणं नाही. मला मान्य. मी माझ्या कोपेकलाही मेण लावीन म्हणतो.

चिमटा
साठवणुकीचं माझ्याकडून. मऊ, लवचिक, वास येणारी प्लॅस्टिकची पाकिटं टाळा, ती पीव्हीसीची असतात आणि कालांतराने त्यातून आम्ल सुटतं. पॉलिएस्टरची घ्या. पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवत असाल तर पिना बघा. मी एकदा पिनेचाच गंज नाण्याचा समजून घाबरलो होतो. लाकडी पेटी दिसायला राजेशाही पण ओकसारखी लाकडं आम्लाची वाफ सोडतात, लोखंडाला ती मानवत नाही. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक, बस. जेल रंग बदलणारं घ्या, नारिंगीचं हिरवं झालं की ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर वाळवून परत वापरता येतं. निळ्याचं गुलाबी होणारं टाळा, त्यात कोबाल्ट असतं. तांब्याची नाणी लोखंडाला टेकून ठेवू नका, ओल मिळाली की लोखंड आधी मरतं. आणि हातमोजे! घामात मीठ असतं. माझ्या एका फेनिगवर माझ्याच अंगठ्याचा ठसा कायमचा उमटलाय.

भटका_इतिहासात
मुद्देसूद. आता मला त्या स्वीडनच्या ५ ओरेबद्दल बोलायचंय, सगळे विसरलात. सायलीताई, हे कोडं भारी आहे. गुस्ताफ पाचवा १९०७ ते १९५० एवढा काळ राजा होता. त्याने १९१७ ते १९१९ लोखंडी ओरे काढले आणि दुसऱ्या महायुद्धात परत १९४२ पासून १९५० पर्यंत. राजा तोच, मुद्रा तीच, धातू तोच. तुमचं नाणं कुठल्या युद्धाचं आहे हे फक्त तो तिसरा आकडा सांगणार. १ की ४.

नॉर्वेचं तसं नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी नॉर्वे घेतला, राजा होकोन सातवा लंडनला गेला, आणि व्यापलेल्या नॉर्वेच्या लोखंडी नाण्यांवर राजाच्या नावाऐवजी सिंहाची ढाल आली. राजाचं चिन्ह, म्हणजे एच आणि त्यात ७, लोक भिंतींवर रंगवायचे, आणि ते असलेली जुनी नाणी दागिन्यासारखी अंगावर घालायचे, विरोध म्हणून. तुमच्या १९४२ च्या नाण्यांवर सिंह दिसतोय का बघा.

सायली_वाचते
सिंह आहे! तिन्हींवर आहे. आता ती नाणी बघवेनात.
५ ओरे नाणेवेडांच्या पद्धतीने तेलात टाकलं. चिकटलेली जोडी पण. फुग्यांची पंधरा सोड्याच्या पाण्यात. सेंट पाकिटात.

अबोली२२
वाखुसा (वाचनखूण साठवली). सांगत राहा ताई, जीव टांगणीला लागलाय.

गोगलगाय
माझी पैज ४ वर. दुसऱ्या युद्धाची जास्त वर्षं पडली, त्यामुळे शक्यता जास्त.

मधुरा_न
माझी १ वर. काही कारण नाही, मनात आलं.

सायली_वाचते
पाच आठवडे झाले, सविस्तर लिहिते.

चिकटलेली जोडी तेविसाव्या दिवशी बरणी हलवली तेव्हा आपोआप सुटली. दोन्ही जर्मन १० फेनिग, १९१७ आणि १९२१. मधल्या बाजू, ज्या इतकी वर्षं एकमेकींना टेकून होत्या, त्या सगळ्यात छान राहिल्यात, गरुडाची पिसं मोजता येतात.

सोड्याच्या पाण्यातली बारा नाणी शांत वाटतायत, वाळवून मेण लावून ठेवली, नवे फुगे नाहीत. तीन मात्र गेली. ऑस्ट्रियाचं २० हेलर त्यात होतं, पाण्यातून काढताना वरचा पापुद्रा चिमट्यालाच आला, खाली नुसता खड्ड्याखड्ड्यांचा पत्रा. काकू म्हणाल्या तसं, आकडे गंजातच होते. वाईट वाटलं. ते तुकडे पण वेगळ्या डबीत ठेवलेत, टाकवले नाहीत.

आणि ५ ओरे. काल रात्री अ‍ॅसिटोन, मग दिवा, मग काटा. मुकुटाखालून सुरुवात केली, जवळजवळ दोन तास. खवला एकदम निघत नाही, कडेने थोडा थोडा उचलत यायला लागतं, तेलाने तो काळ्या चामड्यासारखा झाला होता. आधी शेवटचा आकडा दिसला, ८. म्हणजे १९१८ किंवा १९४८, दोन्ही शक्य! मग तिसऱ्यावरचा खवला. त्याची डावी कड उचलली, खाली काही नाही. ४ असता तर तिथे त्याचा तिरका हात दिसायला हवा होता. उजवीकडून उचलला तर एक सरळ उभी रेघ. बाकी काहीच नाही. आईला हाक मारली आणि दोघींनी भिंगातून परत परत बघितलं.

मधुरा_न
एक!!!

गोगलगाय
पैज हरलो आणि इतका आनंद कधी झाला नव्हता.

नाणेवेडा
सायलीताई, दोन तासात एकदाही घाई केली नाहीत, याला म्हणतात हात. आता कोमट करून मेण लावलंत का? आणि पहिले दोन महिने दर आठवड्याला बघा, नवी नारिंगी ठिपकी आली तर लगेच कळवा.

केमिस्ट_काकू
२० हेलरचं मनाला लावून घेऊ नकोस. ते आधीच गेलेलं होतं, तू फक्त बघितलंस.

सायली_वाचते
मेण लावलं, नाणेवेडाकाका. डब्यातला मापक ३१ दाखवतोय, जेल नारिंगी आहे. दर रविवारी बघायचं ठरवलंय. पाकिटावर आईच्या अक्षरात लिहून घेतलं, कारण काकाचं आणि तिचं अक्षर सारखं होतं : स्वीडन, ५ ओरे, १९१८, लोखंड.